नो पार्किंगमध्ये लावली म्हणून गाडी बेवारस होत नाही

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला. आधी जुळे सोलापुरातल्या आमच्या अपार्टमेंटच्या, मग शाळेतल्या मैत्रिणींच्या, मग नणंदेच्या सासरच्या आणि शेवटी भिशीच्या. मेसेज टोइंगवाल्यांची बाजू घेणारा आहे. गोषवारा असा: नो पार्किंगमध्ये गाडी लावली की तिच्यावरचा तुमचा हक्क संपला. क्रेनवरची माणसं पोलिसांसाठी काम करतात, म्हणजे त्यांना पोलीसच समजा. उचलताना काही मोडलं तर ती मालकाची जबाबदारी. गाडी एकदा उचलायला घेतली की मालक समोर येऊन उभा राहिला तरी सोडता येत नाही. पैशांवरून वाद घालणं किंवा व्हिडिओ काढणं म्हणजे सरकारी कामात अडथळा. आणि टोइंगवाल्यांना फार नियम लावले तर कुणी ठेकाच घेणार नाही, शहर तुंबून जाईल. खाली अंगठ्यांची आणि जोडलेल्या हातांची रांग.

लोक हे खरं मानतात, मुकाट पैसे भरतात आणि तुटका आरसा घेऊन घरी येतात. म्हणून उत्तर द्यायला बसले.

मेसेज लिहिणाऱ्याचा राग कुठून आला ते मला कळतं. दिवाळीच्या आधीच्या रविवारी नवी पेठेत जाऊन बघा. दोन्ही अंगांना दुचाकींच्या रांगा, मध्ये हातगाड्या, आणि त्यातच कुणीतरी दोन मिनिटांत येतो म्हणून कार उभी करून शर्ट बघायला गेलेला. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत होम मैदानाच्या आसपास अँब्युलन्स अडकली की पोटात गोळा येतो. अशा गाड्या उचलल्याच पाहिजेत. फूटपाथवर, झेब्रा क्रॉसिंगवर, बसथांब्यापाशी, दवाखान्याच्या दारात गाडी लावायला बंदी आहे, तिथं फलक असो वा नसो. खासगी क्रेनने गाडीला हात लावला तर ती चोरीच, असाही एक उलट मेसेज फिरतो. तोही चूक आहे. चोरीला लबाडीचा हेतू लागतो, आणि टोइंग सेवेला कायद्यात जागा आहे.

ती जागा नेमकी कुठे आहे, हे पाहिलं की मेसेजचा पहिला मुद्दा तिथंच गळून पडतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १२७. सार्वजनिक जागी दहा तास किंवा त्याहून जास्त वेळ बेवारस पडलेली, किंवा पार्किंगला बंदी असलेल्या जागी लावलेली गाडी टोइंग सेवेकडून हलवण्याची परवानगी देता येते. कुणाला? त्या हद्दीतल्या, गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याला. ठेकेदाराला नाही, क्रेनच्या ड्रायव्हरला नाही, मागे लटकलेल्या पोरांना तर मुळीच नाही. क्रेनवाल्याचा अधिकार उसना आहे. तो त्या गणवेशातून येतो आणि गाडीगणिक नव्याने यावा लागतो. पोलीस केबिनमध्ये मोबाइल बघत बसला आहे आणि कुठली गाडी घ्यायची ते पोरं ठरवताहेत, याला परवानगी म्हणत नाहीत. कायद्याच्या नावाखाली केलेली ती उचलेगिरी आहे.

आणि हक्क संपला म्हणजे काय? चुकीच्या पार्किंगला पहिल्या खेपेस ५०० रुपयांपर्यंत दंड आहे, वर कलम १२७ प्रमाणे टोइंगचा खर्च मालकाच्या माथी. शिक्षा तिथं संपते. गाडीची मालकी, तिच्या डिकीतलं सामान, तिचा रंग, तिचा आरसा यांतलं काहीही त्या दंडात जमा होत नाही.

नुकसान मालकाच्या माथी, हा मुद्दा मला सगळ्यात जास्त झोंबतो. गेल्या मे महिन्यात आईची औषधं घ्यायला थांबले होते. मोपेड चुकीच्या जागी लावली, हे आधीच कबूल करते. मेडिकलच्या पायरीवरून पाहिलं तर तीन पोरं गाडीला भिडलेली. हँडल लॉक होतं, पुढचं चाक वळलेलं. एकाने पुढचं मडगार्ड धरलं, दुसऱ्याने मागचं हँडल, तिसऱ्याने खालून सायलेन्सरच्या बाजूने जोर लावला, आणि एका हिसक्यात गाडी वर. वर आधीच सहा-सात गाड्या एकमेकींना खेटून उभ्या. माझ्या गाडीचा ब्रेक लिव्हर शेजारच्या गाडीच्या पॅनलमध्ये रुतला, ते मला खालून दिसलं. मी हाक मारेपर्यंत क्रेन निघाली. पुढचा दीड तास रिक्षा, ऊन आणि रांग. गाडी मिळाली तेव्हा डावा आरसा लोंबत होता आणि लिव्हर वाकला होता.

आमचा नेहमीचा मेकॅनिक गाडी बघून म्हणाला, "ताई, आरशाचं काय ओ, शंभर-दोनशेत होऊन जाईल. खालचं लॉक तुटलंय पॅनलचं. वरून दिसत नाही, पण खड्ड्यातून गेलात की खडखड वाजणार." मग त्याने हात लावून दाखवलं. मोपेडच्या अंगावरचं प्लास्टिक वजन पेलायला केलेलंच नसतं. खाली लोखंडी चासी असते, भार तिच्यावर घ्यायचा असतो. शंभर-सव्वाशे किलोची गाडी मडगार्डला धरून उचलली की कुठंतरी काहीतरी मोडणारच. चाकांखाली पट्टे घालून, हायड्रॉलिकने सरळ वर घेतली तर काही होत नाही. "पण त्याला दोन मिनिटं जास्त लागतात," तो म्हणाला. कारचंही तसंच. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी मागून उचलून, पुढची चाकं रस्त्यावर घासत नेली आणि ती गिअरमध्ये असली, तर गिअरबॉक्सवर ताण येतो. ऑटोमॅटिक असेल तर खर्च हजारांत जातो. ज्याचा फक्त थर्ड पार्टी विमा आहे, त्याला यातला रुपयाही विम्यातून मिळत नाही.

मला मिळालेल्या पातळ पावतीच्या तळाशी बारीक अक्षरात होतं: वाहन मालकाच्या जबाबदारीवर. मेसेजचा सगळा डोलारा याच ओळीवर उभा आहे. पण भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम १५१ प्रमाणे, दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेणाऱ्याने शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घ्यायची असते. आता कुणी म्हणेल, तो नियम तुम्ही स्वखुशीने वस्तू सोपवली तर लागू. इथं तर गाडी जप्त झाली. नेमका हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला होता. जुनागढच्या अधिकाऱ्यांनी एका माणसाचे दोन ट्रक आणि एक स्टेशन वॅगन ताब्यात घेतली होती. गाड्या उघड्यावर पडल्या, सुटे भाग गेले, पुढे बेवारस म्हणून विकल्याही गेल्या. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने गुजरात सरकारला जबाबदार धरलं. करार नसला तरी ताबा घेणाऱ्यावर सांभाळायची जबाबदारी येतेच, असा त्याचा अर्थ. जिथं सरकारला हा नियम सुटला नाही, तिथं सरकारच्या वतीने आलेल्या ठेकेदाराला एका छापील ओळीने कसा सुटेल? मी त्या ओळीला कधी हो म्हटलं होतं? पावती हातात आली तेव्हा आरसा आधीच तुटलेला होता.

म्हणून उचलण्याआधी गाडीचा चारही बाजूंनी फोटो काढणं ही ठेकेदाराच्याच फायद्याची गोष्ट आहे. ओरखडा आधीचा होता, हे तोही दाखवू शकेल. प्रामाणिक टोइंगवाल्याला फोटोची भीती वाटायचं कारण नाही.

आता मालक समोर उभा राहिला तर. कलम १२७ मध्ये यावर एक ओळही नाही, म्हणून मेसेजवाल्याने स्वतःच नियम बनवून टाकला. माझं म्हणणं साधं आहे. टोइंगचा हेतू रस्ता मोकळा करणं हा आहे. मालक किल्ली घेऊन उभा आहे, गाडी हलवायला तयार आहे, म्हणजे रस्ता मोकळा होतोय. दंड फाडा, जरूर फाडा. पण तरीही गाडी वर चढवून मग टोइंगचे पैसे घेतले, तर ते पैसे रस्त्यासाठी नाहीत. आणि गाडीत माणूस असेल तर विषयच नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये मुंबईत मालाडला बाळाला दूध पाजत बसलेल्या बाईसकट कार ओढली गेली, तो पोलीस निलंबित झाला. ऑगस्ट २०२१ मध्ये पुण्यात नाना पेठेत दुचाकीवर बसलेल्या माणसासकट गाडी हवेत उचलली. हे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत. दोन्ही वेळी क्रेनजवळ गणवेश होता, तरी टोइंग थांबलं नाही.

पैसे आणि व्हिडिओ. दंड म्हणजे तडजोड शुल्क. ते सरकारचं, ज्याला तसा अधिकार दिला आहे त्या अधिकाऱ्यानेच घ्यायचं, ई-चलानवर. टोइंगचा आकार वेगळा, त्याची पावती वेगळी. क्रेनवरच्या पोराच्या हातात दोन्हीचे मिळून रोख पैसे द्यायचे नाहीत. त्याला ते घेण्याचा हक्कच नाही. व्हिडिओचं म्हणाल तर पूर्वीचं भारतीय दंड संहितेचं कलम ३५३, म्हणजे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १३२, हे लोकसेवकावर हल्ला किंवा बळाचा वापर करण्याबद्दल आहे. लांब उभं राहून रस्त्यावरचा प्रसंग मोबाइलमध्ये टिपणं हा हल्ला नव्हे. क्रेनसमोर आडवं पडू नका, पोरांच्या अंगावर जाऊ नका, शिव्या देऊ नका. रागाच्या भरात आपली माणसं तेही करतात, आणि मग खरोखरच गुन्हा दाखल होतो.

राहिला शेवटचा मुद्दा, नियम लावले तर कुणी ठेका घेणार नाही. याच्या बरोब्बर उलटं घडताना दिसतं. कॅलिफोर्नियातले हायवे पोलीस टोइंग कंपन्यांना पाळीपाळीने काम देतात, पण आधी लेखी करार करतात. चालकांची पार्श्वभूमी तपासली जाते, विमा लागतो, दर आधी सांगावे लागतात. तिथल्या कायद्यात खर्चाचं कलमवार बिल देणं बंधनकारक आहे. खासगी आवारातून गाडी ओढली जात असेल आणि ती आवाराबाहेर पडण्याआधी मालक आला, तर गाडी सोडावी लागते आणि नेहमीच्या आकाराच्या निम्म्याहून जास्त घेता येत नाही. इतकं असूनही कंपन्या त्या यादीत यायला धडपडतात, कारण पोलिसांचं काम म्हणजे कायमचं काम. आपल्याकडे उलट अनुभव आहे: नियम ढिले राहिले म्हणून तक्रारी इतक्या वाढल्या की फेब्रुवारी २०२२ मध्ये बंगळूरूत टोइंगच थांबवावं लागलं. तुंबणाऱ्या रस्त्यांची काळजी असेल त्याने तर कडक नियमच मागायला हवेत.

एक गोष्ट मेसेजमध्ये नाही आणि तीच मला मुळाशी दिसते. ठेकेदाराला गाडीमागे पैसे मिळत असतील, तर तो अडथळा करणारी गाडी शोधत नाही, सोपी गाडी शोधतो. चाटी गल्लीत रस्ता अडवून कापडाचे गठ्ठे उतरवणारा टेम्पो उचलायला अवघड, त्याचा मालक शेजारी उभा असतो आणि भांडतो. कडेला नीट लावलेली स्कूटी हलकी, मालकीण दुकानात, अर्ध्या मिनिटात काम. दिवसाअखेर आकडा भरतो, टेम्पो तिथंच. पैसे फेरीवर किंवा महिन्यावर दिले, आणि कुठली गाडी का उचलली ते पोलिसाने फोटोसकट नोंदवलं, तर हा प्रकार एका दिवसात कमी होईल.

बाकी गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. क्रेनवर काम करणाऱ्या प्रत्येकाची पोलीस पडताळणी, छातीवर नाव. दर क्रेनच्या अंगावर मोठ्या मराठी अक्षरात. उचलण्याआधी भोंग्यावरून गाडीचा नंबर पुकारायचा. गाडी नेली तर रस्त्यावर खडूने नंबर आणि कुठे नेली ते लिहायचं. नाहीतर संध्याकाळी एकटी बाई परत येते, गाडी नसते, आणि चोरीला गेली की उचलली हे कळायलाच तिचा अर्धा तास जातो. पोरांना गाडी कुठं धरायची हे शिकवायचं. ती पोरंही आपल्याच गल्लीतली आहेत, चव्वेचाळीस अंशांच्या उन्हात धावत्या क्रेनला लटकतात. त्यांना हातमोजे आणि बूट मिळावेत, हेही त्याच करारात यायला हवं.

मेसेज पाठवणाऱ्या चौघींना मी हे सगळं पाठवलं आहे. नणंदेने विचारलं, आपल्याकडच्या ठेक्यात यातलं काय लिहिलेलं आहे? माहितीच्या अधिकारात माहिती या शब्दात करारही येतो, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. काल रात्री अर्ज लिहून झाला. टोइंगच्या ठेक्याची प्रत, मंजूर दर, नुकसानभरपाईची अट, गेल्या वर्षभरात आलेल्या तक्रारी आणि त्यांवर काय केलं, अशा पाच गोष्टी मागितल्या आहेत. सोमवारी पोलीस आयुक्तालयात देणार आहे. ज्यांच्याकडे तुटक्या आरशाचा किंवा वाकलेल्या लिव्हरचा फोटो आणि पावती आहे, त्यांनी ती जपून ठेवावी.