चिपीची धावपट्टी पुरेशी लांब आहे, पुढचं बोलूया

गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाचा विषय निघाला की दोन तट पडतात. गोव्याचं मोपा विमानतळ एवढं जवळ असताना चिपीवर पैसा घालायचा कशाला, असं एक तट विचारतो. दुसरा म्हणतो, धावपट्टी वाढवा, मोठी विमानं आणा. नॉर्वेच्या लोफोटेन बेटांवर बसून मी हे वाचतो तेव्हा वाटतं, मूळ दुखण्याला दोघंही हात घालत नाहीत.

चिपीची धावपट्टी २,५०० मीटरची आहे. मुंबईहून यायच्या त्या ७० आसनी एटीआर विमानाला त्याच्या निम्मीच्या आसपास पुरते. इथे लोफोटेनमधल्या लेकनेस विमानतळाची धावपट्टी जेमतेम ८०० मीटर. समुद्राचा वारा, बर्फ आणि हिवाळ्यात दिवसचे दिवस अंधार असूनही ३९ जणांची छोटी विमानं रोज ये-जा करतात. लांबी म्हणजेच सुरक्षितता, असंही नाही. मंगळुरूला २०१० मध्ये आणि कोझिकोडला २०२० मध्ये पठारावरच्या धावपट्टीचं टोक ओलांडून विमानं खाली कोसळली, आणि त्या दोन्ही धावपट्ट्या लेकनेसच्या तिपटीहून लांब आहेत. आपला चिपीचा सडा, म्हणजे पठारही तसंच उंच. पावसाळ्यात ढग खाली उतरले की खरी मदार असते ती दिव्यांवर, विमानाला वाट दाखवणाऱ्या उपकरणांवर आणि ओल्या पट्टीची निगा राखणाऱ्या माणसांवर.

लेकनेसला एकदा माझ्या शेजारी बसलेल्या आजींच्या हातात मुख्य भूमीवरच्या बोडो शहरातल्या इस्पितळाचं पत्र होतं. सकाळच्या विमानाने जायचं, डोळे तपासून घ्यायचे आणि संध्याकाळी घरी. तिकिटाचा थोडाच भाग त्यांच्या खिशातून जातो. हे आपोआप जुळून आलेलं नाही. अशा मार्गांसाठी सरकार निविदा काढतं आणि दिवसाला किती फेऱ्या, किती जागा, कमाल भाडं किती, हे सगळं करारात लिहून घेतं. मुदत संपत आली की पुढची निविदा निघते. मोठ्या विमानतळांच्या कमाईवर छोटे विमानतळ चालतात.

आपल्याकडेही कल्पना हीच होती. छोट्या शहरांना विमानाने जोडणाऱ्या केंद्राच्या 'उडान' योजनेचा निधी मोठ्या मार्गांवरच्या विमान प्रवासावरच्या आकारणीतून उभा राहतो, राज्यही आपला वाटा घालतं. पण मदत तीन वर्षांचीच. ऑक्टोबर २०२१ मध्ये थाटात सुरू झालेली मुंबई-चिपी सेवा मुदत सरताच ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद पडली. मधल्या काळात, जानेवारी २०२३ पासून, मोपा सुरू झालं होतं. तीन वर्षांनी काय, याची तजवीज त्याआधीच व्हायला हवी होती. तेव्हा आपण उद्घाटनाच्या श्रेयावरून भांडत होतो, याचं मला आजही वाईट वाटतं.

नॉर्वेकडे तेलाचा पैसा आहे, बेटांवर रेल्वे नाही. आपल्याकडे १९९८ पासून कोकण रेल्वे आहे, म्हणून इथली व्यवस्था जशीच्या तशी उचला असं मी म्हणणार नाही. पण लोफोटेनची वस्ती पंचवीस हजारांच्या आसपास आणि तिच्यासाठी तीन विमानतळ चालतात. सिंधुदुर्गात २०११ च्या जनगणनेनुसार साडेआठ लाख माणसं आहेत. मोपा सावंतवाडीकरांना सोयीचं, हे खरं. देवगडच्या माणसाचं काय? परळच्या टाटा रुग्णालयात केमो घेऊन, मळमळत, रात्रीच्या गाडीने कणकवलीला उतरणाऱ्या पेशंटला विचारा, तासाभराच्या विमानाचं मोल काय ते. त्याला बोइंग नको आहे.

मुंबईला सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येईल अशी फेरी, जून ते सप्टेंबरही चालणारी, पेशंटसाठी थोड्या जागा राखून, आणि तीन वर्षांनंतरच्या पैशांची सोय आधीच ठरवून: एवढं करारात लिहून येईपर्यंत जिल्ह्यातल्या मतदारांनी आपल्या आमदार-खासदारांना स्वस्थ बसू देऊ नये.