खुलासा : तो फोटो माझ्या भाचीचा आहे

"पुण्यातल्या मूकबधिर मुलीचं शिक्षण थांबलंय, ऑपरेशनसाठी पैसे पाठवा" असा मेसेज फिरतोय. त्यातला फोटो माझ्या भाचीचा आहे. कोथरूडच्या तिच्या रविवारच्या वर्गात मीच काढलेला. जोडलेले हात विनवणीचे नाहीत. ती साइन लँग्वेज शिकवतेय. समोर बसलेले कर्णबधिर मुलांचे आईबाबा फोटोतून कापून टाकलेत.

ती बी.कॉम. झालीय. ऑपरेशन ठरलेलं नाही, पैसे आम्ही कुणीही मागितलेले नाहीत. तिची मागणी आहे ती सांकेतिक भाषा येणाऱ्या शिक्षकांची. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तशी तरतूदच आहे. आणि 'मूक' हा शब्द तिला फार लागतो. दिवसभर बोलत असते ती, हातांनी.

कृपया मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.