‘डोळे झाकून वर्डप्रेस घ्या’ या सल्ल्यात काय चुकतं

वर्डप्रेस म्हणजे साइट बनवण्याचं आणि तिचा मजकूर सांभाळण्याचं सॉफ्टवेअर, म्हणजेच एक सीएमएस; त्याला जादा सोयी जोडणारे तुकडे म्हणजे प्लगइन. नवी वेबसाइट करायची म्हटलं की एक सल्ला हमखास पुढे येतो. थोडक्यात तो असा: ‘विचार करत बसू नका, वर्डप्रेस घ्या. जगातल्या 40 टक्क्यांहून जास्त साइट्स त्यावरच आहेत. फुकट आहे, कोड लागत नाही, काहीही हवं असलं तरी प्लगइन मिळतं, मराठीही छान चालतं आणि नाहीच पटलं तर सगळं एक्स्पोर्ट करून दुसरीकडे नेता येतं.’ यातलं एकही वाक्य सपशेल खोटं नाही, म्हणूनच हा सल्ला इतका फिरतो. पण प्रत्येक वाक्यामागे एक अट आहे आणि ती कोणी सांगत नाही. वर्डप्रेस चांगलं आहे, कित्येक साइट्ससाठी तेच योग्य आहे. आक्षेप आहे तो डोळे झाकण्याला.

‘40 टक्क्यांहून जास्त साइट्स त्यावरच आहेत’

आकडा बरोबर आहे. कोणती साइट कशावर चालते ते मोजणाऱ्या डब्ल्यूथ्रीटेक्सच्या मोजणीत गेली काही वर्षं तो तेवढाच दिसतो. मात्र त्या मोजणीत एकट्याचा ब्लॉग आणि लाखभर पानांची वृत्तसाइट यांची नोंद सारखीच होते, त्यामुळे तुमच्या कामाला काय शोभेल ते त्यातून कळत नाही. लोकप्रियतेचा खरा फायदा वेगळा आहे: साइट सांभाळणारा माणूस सोडून गेला तर दुसरा लवकर मिळतो. ज्यांच्याकडे स्वतःचा डेव्हलपर नाही, त्यांनी या एका गोष्टीला भरपूर वजन द्यावं.

‘फुकट आहे, कोड लागत नाही’

वर्डप्रेस 2003 साली आलं आणि ते जीपीएल या मुक्त परवान्याखाली आहे, म्हणजे सॉफ्टवेअरला पैसे पडत नाहीत. खर्च होतो तो ते चालतं ठेवण्यात. वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय त्या पीएचपीची प्रत्येक आवृत्ती काही वर्षांत निवृत्त होते, 7.4 ची मुदत नोव्हेंबर 2022 मध्ये संपली. होस्टिंग कंपनीने सर्व्हर पीएचपी 8 वर नेला की जुन्या प्लगइनमधल्या ज्या चुकांवर आधी फक्त इशारा मिळायचा, त्यातल्या काही आता थेट एरर होऊन साइट थांबवतात. वर्डप्रेस 5.2 पासून अशा वेळी रिकव्हरी मोडची, म्हणजे बिघडलेलं प्लगइन बाजूला ठेवून आत शिरण्याची, लिंक अ‍ॅडमिनच्या ईमेलवर येते. पण सर्व्हरवरून ईमेल नीट जात असेल तरच! एसएमटीपी (ईमेल पाठवण्याची खात्रीची व्यवस्था) लावलेलं नसेल तर ती लिंक स्पॅममध्ये जाते, नाहीतर निघतच नाही. मग एफटीपीने (सर्व्हरवरच्या फाइल हाताळण्याच्या सोयीने) आत जाऊन त्या प्लगइनच्या फोल्डरचं नाव बदलावं लागतं. फोल्डर सापडला नाही की वर्डप्रेस ते प्लगइन बंद करतं आणि साइट परत उभी राहते. काम पाच मिनिटांचं आहे, फक्त एफटीपीचा पासवर्ड हाताशी हवा. म्हणून साइट करून देणाऱ्याकडून नुसतं अ‍ॅडमिन लॉगिन घेऊन थांबू नका. होस्टिंग, डोमेन, डेटाबेस आणि एफटीपी या चारही गोष्टींचा ताबा पहिल्या दिवसापासून तुमच्या नावावर असू द्या.

विकत घेतलेल्या प्लगइनचं लायसन्स संपलं तरी ते चालत राहतं, अपडेट मात्र थांबतात, सुरक्षेचेसुद्धा. थीमसोबत (साइटच्या रूपाच्या साच्यासोबत) आलेल्या प्लगइनचं तर त्याहून वाईट: त्याचं अपडेट बहुतेक वेळा थीमवाल्याने नवी आवृत्ती काढल्यावरच मिळतं. 2014 साली स्लायडर रिव्होल्यूशन या प्लगइनमधल्या त्रुटीने असंख्य साइट्स अशाच हल्ल्यात सापडल्या. ते प्लगइन थीमच्या पोटात असल्यामुळे ते आपल्या साइटवर आहे हेच कित्येक मालकांना ठाऊक नव्हतं.

इथे विरुद्ध बाजूचा सल्लाही तपासायला हवा: ‘वर्डप्रेस हॅक होतं, त्यापेक्षा ड्रुपल घ्या.’ ड्रुपल हेही असंच एक सीएमएस. ऑक्टोबर 2014 मध्ये ड्रुपल 7 च्या गाभ्यातच (मूळ सॉफ्टवेअरमध्येच) एसक्यूएल इंजेक्शनची, म्हणजे बाहेरच्याला डेटाबेसमध्ये आपले हुकूम घुसवू देणारी, त्रुटी निघाली. दुरुस्ती जाहीर झाल्यापासून 7 तासांच्या आत ज्यांनी ती लावली नाही, त्यांनी आपली साइट फुटली आहे असंच धरून चालावं, असं ड्रुपलच्या सुरक्षा पथकाने स्वतः सांगितलं होतं. वर्डप्रेसच्या गाभ्यात 2013 च्या 3.7 आवृत्तीपासून सुरक्षेचे छोटे अपडेट आपोआप लागतात. धोका मुख्यतः प्लगइनमध्ये असतो. सीएमएस बदलल्याने अपडेटची जबाबदारी टळत नाही. ती खरोखर कमी करायची असेल तर ह्यूगो किंवा जेकिलसारख्या स्टॅटिक जनरेटरचा विचार करा. तिथे सर्व्हरवर फक्त तयार एचटीएमएल असतं. डेटाबेस नाही, लॉगिनचं पान नाही. वर्षातून दोनदा बदलणाऱ्या दहा पानांच्या साइटला हे उत्तम. मात्र मजकूर मार्कडाउनमध्ये (साध्या चिन्हांच्या लेखनपद्धतीत) लिहून गिटने (फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाने) चढवणारं कोणीतरी हवं आणि संपर्काच्या फॉर्मसाठी बाहेरची सेवा जोडावी लागते.

‘काहीही हवं असलं तरी प्लगइन मिळतं’

सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं. प्लगइन मिळतं हे खरं, पण ते आपली माहिती कुठे आणि कशी साठवतं हे निवडीच्या वेळी क्वचितच पाहिलं जातं.

एखाद्या प्रशिक्षण संस्थेची साइट घ्या. प्रत्येक वर्गाला तारीख, जागांची संख्या, पातळी, प्रशिक्षक अशी 12 फील्ड आहेत. वर्डप्रेसमध्ये हे करण्याचा रूढ मार्ग म्हणजे वर्गासाठी कस्टम पोस्ट टाइप (नोंदीचा स्वतंत्र प्रकार) आणि माहितीसाठी कस्टम फील्ड. ही फील्ड पोस्टमेटा नावाच्या एकाच टेबलात जातात आणि तिथे प्रत्येक फील्डची वेगळी ओळ होते. अ‍ॅडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स हे बहुतेकांच्या वापरातलं प्लगइन प्रत्येक फील्डमागे आणखी एक संदर्भाची ओळ लिहितं. म्हणजे एका वर्गाच्या 24 ओळी, 2000 वर्गांच्या 48,000.

नुसती पानं दाखवायची असतील तर यात काहीच अडत नाही. अडतं ते चाळणी (फिल्टर) लावताना. ‘पुढच्या महिन्यातले, जागा शिल्लक असलेले, अमक्या प्रशिक्षकाचे वर्ग’ असा शोध घेतला की डेटाबेसला तेच टेबल तीनदा जोडावं लागतं. मूल्यं साठवण्याचा रकाना लांब मजकुराचा आहे आणि त्यावर इंडेक्स (झटपट शोधासाठीची सूची) नाही. शिवाय क्वेरी (डेटाबेसला विचारायचा प्रश्न) लिहिताना मूल्य संख्या आहे की मजकूर हे सांगितलं नाही तर तुलना अक्षरांप्रमाणे होते आणि 9 हा आकडा 10 पेक्षा मोठा ठरतो. एका वर्गाला दोन-तीन प्रशिक्षक असतील तर त्यांचे क्रमांक एकाच रकान्यात सीरियलाइझ करून (एका मजकुरात गुंफून) कोंबले जातात, आणि प्रशिक्षकावरून वर्ग शोधायचे तर त्या मजकुरात अवतरणचिन्हांसकट क्रमांक शोधावा लागतो. प्रशिक्षकाची नोंद डिलीट झाली तरी तिचा क्रमांक तिथे तसाच राहू शकतो. शंभर नोंदींच्या डेमोत यातलं काहीच दिसत नाही, म्हणून साइट मान्य होते आणि वर्षभराने ‘साइट स्लो झाली’ अशी तक्रार येते. मग त्यावर कॅशिंगचं (तयार पान साठवून तेच पुन्हा दाखवणारं) प्लगइन टाकलं जातं. पानं भराभर उघडू लागतात, पण दर वेळी नवी चाळणी लावणाऱ्याला तितकंच थांबावं लागतं.

उपाय आहेत, आणि ते आधी ठरवले तर स्वस्त पडतात. पातळी, विषय, ठिकाण अशा पुन्हापुन्हा येणाऱ्या मूल्यांसाठी कस्टम फील्ड न वापरता टॅक्सोनॉमी (वर्गवारी) करा. तिची टेबलं वेगळी आणि इंडेक्स असलेली असतात. तारीख आणि संख्या यांच्यावर सतत शोध होणार असेल तर डेव्हलपरकडून त्यांच्यासाठी स्वतंत्र टेबल करून घ्या. आणि नोंदींचे एकमेकांशी असलेले संबंध हाच साइटचा मुख्य भाग असेल तर ड्रुपल पाहा. तिथे प्रत्येक फील्डला स्वतःचं टेबल मिळतं, संख्या संख्या म्हणूनच राहते, एका नोंदीचा दुसरीशी संबंध ही गाभ्यातली सोय आहे आणि त्यावरच्या याद्या व्ह्यूज या त्याच्याच साधनात कोड न लिहिता बनवता येतात. अनेक भाषा आणि ‘मसुदा, तपासणी, प्रकाशन’ अशा पायऱ्याही गाभ्यातच आहेत. वर्डप्रेसमध्ये भाषांसाठी प्लगइनच लागतं. याची किंमत अशी की ड्रुपल सांभाळायला कंपोझर (पीएचपीचे सुटे भाग बसवण्याचं साधन) येणारा माणूस लागतो, आणि ड्रुपल 7 वरून 8 वर जाताना अपडेट नव्हे तर जवळजवळ नवी साइट करून सगळी माहिती हलवावी लागली होती.

सीएमएस ठरवण्याआधी कागदावर तीन गोष्टी लिहा: मजकुराचे प्रकार कोणते, प्रत्येकात कोणती फील्ड, आणि वाचक कशावरून शोधणार. लेख, पानं आणि फोटो एवढ्यावरच यादी संपली तर वर्डप्रेस घ्या आणि पुढच्या कामाला लागा. चाळण्यांचीच यादी लांबत गेली तर थांबून विचार करा.

आणखी एक छोटी गोष्ट. ठरलेल्या वेळी लेख प्रकाशित करण्याचं काम वर्डप्रेस मुळात कोणीतरी साइटला भेट दिल्यावरच करतं. वर्दळ कमी असेल किंवा सगळी पानं कॅशमधूनच जात असतील तर लेख ठरल्या वेळी निघत नाही. सर्व्हरवर खरा क्रॉन (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारी सोय) लावला की हा प्रश्न मिटतो.

‘मराठीही छान चालतं’

लिहायला आणि वाचायला, हो. वर्डप्रेसने 2015 च्या 4.2 आवृत्तीत डेटाबेस चार बाइटच्या युनिकोडवर नेला. देवनागरीला तर तीनच बाइट लागतात. अडचण पत्त्यात येते. शीर्षकावरून स्लग (पत्त्याचा शेवटचा भाग) बनताना देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-वेलांटी-अनुस्वारासकट, टक्केवारीच्या चिन्हांसह नऊ अक्षरांचं होतं आणि स्लगची मर्यादा 200 आहे. म्हणजे जेमतेम 22 चिन्हं. ‘संकेतस्थळासाठी योग्य प्रणाली कशी निवडावी’ या शीर्षकाचा स्लग ‘संकेतस्थळासाठी-योग्य-प्र’ इथेच तुटतो. एकाच मालिकेतल्या लेखांची सुरुवात सारखी असेल तर सगळ्यांचा स्लग सारखाच तुटतो आणि वर्डप्रेस पुढे 2, 3 असे आकडे लावत जातं. प्रकाशित करण्याआधी रोमन लिपीत छोटा स्लग हाताने घाला. नंतर बदलायचं म्हटलं तर लेखांचा जुना पत्ता आपोआप नव्याकडे वळतो, ‘पेज’ प्रकाराला मात्र ती सोय नाही. तिथे रीडायरेक्ट स्वतः लावावा लागतो.

शोधाचंही तसंच. मूळ शोध फक्त अक्षरांचा तुकडा जुळवतो, त्यामुळे ‘पाणी’ शोधल्यावर ‘पाण्याचा’ सापडत नाही आणि ‘निवडणूक’ शोधल्यावर ‘निवडणुकीत’ सापडत नाही. मोठा मराठी संग्रह असेल तर वेगळं शोध-इंजिन लागेल, आणि ते मराठीची सामान्यरूपं कशी हाताळतं हे स्वतः तपासावं लागेल, मग सीएमएस कोणतंही असो.

‘नाही पटलं तर एक्स्पोर्ट करून नेता येतं’

वर्डप्रेसच्या एक्स्पोर्टमधून एक एक्सएमएल फाइल मिळते. तिच्यात लेख, पानं, कॉमेंट, वर्गवारी आणि कस्टम फील्ड असतात. फोटो नसतात, त्यांचे पत्तेच असतात. इम्पोर्ट करताना ते जुन्या साइटवरून ओढून घेतले जातात, म्हणून काम पुरं होईपर्यंत जुनं होस्टिंग बंद करू नये. थीमची आणि प्लगइनची सेटिंग्ज त्यात येत नाहीत. फॉर्ममध्ये आलेल्या नोंदी प्लगइनने स्वतःच्या टेबलात ठेवल्या असतील तर त्याही राहून जातात.

पेज बिल्डर (पानं ओढून-सोडून मांडण्याचं प्लगइन) वापरला असेल तर गोष्ट आणखी बिकट. शॉर्टकोडवर चालणारा बिल्डर बंद केला की पानभर चौकटी कंसातले कोड उरतात आणि मजकूर त्यांच्यात विखुरलेला असतो. काही बिल्डर पानाची मांडणी पोस्टमेटात जेसन या माहिती लिहिण्याच्या स्वरूपात ठेवतात. ती दुसऱ्या कुठल्याही सीएमएसला वाचता येत नाही. वर्डप्रेसचा स्वतःचा ब्लॉक एडिटर या बाबतीत बराच बरा, कारण त्यात मूळ मजकूर एचटीएमएलच असतो.

साइट नव्या डोमेनवर नेताना आणखी एक चूक वारंवार होते. डेटाबेसची फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून जुना पत्ता सरसकट बदलला जातो. सीरियलाइझ केलेल्या मूल्यात मजकुराची लांबीही लिहिलेली असते. 18 अक्षरांच्या जागी 21 आली आणि तो आकडा 18 च राहिला की पीएचपीला ते मूल्य उलगडता येत नाही. विजेट आणि थीमची सेटिंग्ज गायब होतात ती यामुळे. यासाठी डब्ल्यूपी-सीएलआय या वर्डप्रेसच्या कमांड-लाइन साधनातली सर्च-रिप्लेस ही कमांड वापरा. ती लांबीही दुरुस्त करते. आधी ड्राय-रन (प्रत्यक्ष बदल न करणारी चाचणी) लावून किती ठिकाणी बदल होणार ते पाहा.

बाहेर पडण्याची चाचणी साइट नवी असतानाच घ्या, आणि कोणत्याही सीएमएसची घ्या. 20 नोंदी भरा. त्यात एक तक्ता, एक फोटोंची मालिका, एक लांब मराठी शीर्षक आणि दोन नोंदींमधला एक संबंध नक्की असू द्या. मग एक्स्पोर्ट करून ते दुसऱ्या कोऱ्या ठिकाणी चढवा आणि काय काय आलं नाही ते लिहून काढा. ही यादी करार करण्याआधी साइट बनवणाऱ्यासमोर ठेवा आणि त्यातली प्रत्येक गोष्ट कशी बाहेर काढायची ते त्याच्याकडून लेखी घ्या.