हेवी लायसन्स काढताय? फी आधी भरा, प्रश्न नंतर विचारा

घरातल्या कुणाला ट्रक ड्रायव्हर व्हायचं असेल तर आधी त्याचं अभिनंदन करा आणि लगेच जवळच्या मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पैसे भरून या. चौकशीच्या भानगडीत पडू नका. चौकशी करणाऱ्या पालकांकडे तिथे फार संशयाने बघतात. मी नुकतंच माझ्या पुतण्याचं 'संपूर्ण प्रशिक्षण' स्वखर्चाने पार पाडलंय, त्याच्याबरोबर नोकरीच्या ट्रायललाही जाऊन आलोय. त्यामुळे सल्ले द्यायला माझ्याइतका लायक माणूस सध्या तुम्हाला मिळायचा नाही.

वय 20 पूर्ण पाहिजे आणि कारचं लायसन्स निदान वर्षभर जुनं पाहिजे. शिक्षणाची चिंता सोडा, आठवी पासची अट 2019 मध्येच गेली. एवढं स्कूलवाला स्वतःहून सांगतो.

गाडीचं मालासकट एकूण वजन 7,500 किलोच्या आत असेल तर ती धंद्याची असली तरी कारच्या लायसन्सवर चालवता येते, हे मात्र तो सांगत नाही. सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये हे स्पष्ट केलंय. तरीही तुमच्या पोराला भाजीचा पिकअपच चालवायचा असला, तरी हेवीचंच पॅकेज घ्या. स्कूलवाल्यालाही घरदार आहे.

पॅकेजमध्ये काय काय येतं, असं विचारलं की समोरचा गोड हसून म्हणतो, "सगळं आलं त्यात, काका." या 'सगळं'चा अर्थ दोघांनाही कळलेला असतो, म्हणून तो कागदावर लिहायची गरज पडत नाही. पावती निम्म्या रकमेची मिळेल. घ्या आणि घडी करून ठेवा.

आता प्रत्यक्ष शिकण्याविषयी. केंद्र सरकारने 2021 मध्ये मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांसाठी नियम काढले. जड वाहनाला सहा आठवड्यांत 38 तास, त्यात थिअरी आणि प्रॅक्टिकल, शिवाय सिम्युलेटर आणि सपाट भागात दोन एकर जागा. वाचून छाती भरून येते. ती भरलेली असतानाच आपल्या नेहमीच्या स्कूलच्या मैदानावर जा. तिथे एक म्हातारी सहा टायरी उभी असते. रिकामी. तिच्या हौद्यात माल कधी चढला असेल तर तो मागच्या मालकाच्या काळात. केबिनमध्ये उस्ताद, स्टिअरिंगवर एक पोरगा आणि मागच्या बाकावर आपला नंबर यायची वाट बघत खेटून बसलेली तीन पोरं. इंजिन चालू झाल्यावर ब्रेकची हवा भरून काटा वर यायला वेळ लागतो. तो वेळही शिकवणीत धरलेला असतो. मग मैदानाला चक्कर. पहिला गिअर, दुसरा, उस्तादाचा मूड बरा असेल तर तिसरा. उस्तादाच्या पायाखाली वेगळा क्लच आणि वेगळा ब्रेक असतो. त्यामुळे गाडी कधी बंद पडत नाही आणि पोराला वाटतं, जमलं की आपल्याला! उस्ताद फोनवर कुणाशी तरी प्लॉटच्या व्यवहाराचं बोलत असतो. बोलता बोलताच एका बोटाने स्टिअरिंग सरळ करतो आणि म्हणतो, "चल उतर, पुढचा." झालं. हा आजचा धडा.

तक्रार करायची नाही. भरलेली गाडी कधी देणार, असं मी विचारलं तर म्हणाले, "काका, ते लाइनवर गेल्यावर आपोआप येतं." आपोआप! पंचवीस टन माल घेऊन खंबाटकी किंवा कसारा घाट उतरणं आपोआप येतं! ज्या गिअरला चढलास त्याच गिअरला उतर, हे वाक्य जुना ड्रायव्हर झोपेतही सांगेल. पण या मैदानावर चढ नाही, उतार नाही आणि गिअर तीनच. उतारावर सारखा ब्रेक दाबत राहिलं की लायनर तापतात आणि मग पाय कितीही रोवला तरी गाडी थांबत नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रल मारलं तर इंजिनाचा जो आधार होता तोही गेला. काही महाभाग इंजिनच बंद करतात. मग ब्रेकला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर बंद, टाकीतली हवा दर ब्रेकला कमी कमी होत जाते आणि स्टिअरिंग दगडासारखं जड होतं. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर किती वेळा ट्रक घुसले, ते पुण्यातल्या माणसाला सांगायला नको. प्रत्येक वेळी बातमी एकच, 'चालकाचे नियंत्रण सुटले'. सुटायला आधी ते आलेलं असावं लागतं ना? कुणी दिलं होतं ते त्याला, कोणत्या मैदानावर? आरटीओच्या टेस्टलाही रिकामी गाडी थोडी पुढे, थोडी मागे, की पास. फॉर्म 5 वर, म्हणजे प्रशिक्षण झाल्याच्या दाखल्यावर, स्कूलचा शिक्का आणि सही. त्या कागदावर पुतण्याने जेवढे तास गाडी चालवलीय तेवढे तास तो त्या केबिनमध्ये जागासुद्धा नव्हता.

असो. उपरोध सुटायला लागला. पुढचा सल्ला.

लायसन्स हातात आलं की पेढे वाटा. मग ट्रान्सपोर्टवाल्याकडे जा. "ड्रायव्हरच मिळत नाहीत हो, गाड्या उभ्या आहेत," असं तो गेटवरच सांगेल. तुम्हाला वाटेल, चला, पोराची सोय झाली. मग तो पोराला विचारेल, "अनुभव किती?" नाही म्हटलं की त्याचा चेहरा पडतो. आम्हाला भेटलेला मालक निदान ट्रायल घ्यायला तरी तयार झाला. चौदा टायरी भरलेली उभी होती. "गोडाऊनच्या दाराला मागे लाव," म्हणाला. मागे हात दाखवायला कुणी नाही, आरशात फक्त ताडपत्रीची फडफड आणि शेजारी दुसरी गाडी. पोराने रिव्हर्स टाकला, दोनदा पुढे-मागे केली आणि गाडी तिरकी घालून थांबला. मालकाने शांतपणे त्याला खाली उतरवलं आणि मला म्हणाला, "दोन वर्षं क्लीनर म्हणून फिरव त्याला, मग घेऊन ये."

मी म्हटलं, ठेवा क्लीनर म्हणून. तर म्हणे, "आता क्लीनर ठेवतो कोण? परवडत नाही."

यातली गंमत नीट लक्षात घ्या. पूर्वी पोरगं क्लीनर म्हणून गाडीवर चढायचं. रस्से आवळायचं, टायर ठोकून बघायचं, मागे उभं राहून "आन दे, आन दे, बस!" ओरडायचं आणि मोकळा रस्ता बघून उस्ताद त्याच्या हातात स्टिअरिंग द्यायचा. शिव्या खात, पण शिकायचं. मालकांनी क्लीनरचा पगार वाचवला आणि ती शाळा बंद पडली. दुसरी शाळा फी घेते, पण शिकवत नाही. आणि तिसरीकडे हेच मालक ड्रायव्हर मिळत नाहीत म्हणून गळा काढतात.

नोकरी लागलीच तर कामाच्या तासांविषयी बोलू नका. 1961 सालीच मोटार वाहतूक कामगारांसाठी कायदा होऊन दिवसाला आठ तास, आठवड्याला 48 असं ठरलं होतं. हे सांगून मालकाला हसवायला हरकत नाही.

लोडिंगला नंबर लागायला दीड दिवस गेला तर तो आराम समजा. डिलिव्हरीची वेळ बदलणार नाही, तेवढं फक्त लक्षात असू द्या.

गोडाऊनमध्ये ड्रायव्हरने संडास मागू नये.

ओव्हरलोड मालक भरतो, ई-चलान आलं की हिशेबात ड्रायव्हरचं कापतो. यालाच भागीदारी म्हणतात.

एसी केबिन? नव्याने बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकना ती 2025 मध्ये सक्तीची झाली. नव्या पोराला मात्र जुनीच गाडी मिळेल, तेव्हा खिडकी उघडी ठेवा.

आणि अपघात झालाच तर? भारतीय न्याय संहितेच्या कलम 106(2) मध्ये, बेदरकार चालवल्याने झालेल्या अपघातात माणूस दगावला आणि ड्रायव्हर पोलिसांना न कळवता पळाला तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा लिहिली आहे. जानेवारी 2024 च्या सुरुवातीला ड्रायव्हरांनी चाकं थांबवली, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, तेव्हा ते कलम बाजूला ठेवलं गेलं. 1 जुलैला बाकीचा कायदा लागू झाला, ते तेवढं मागे राहिलं. पळू नये, कबूल. पण जमाव जमल्यावर त्या केबिनमध्ये बसून राहायचं धैर्य कोणत्या पॅकेजमध्ये मिळतं, तेही स्कूलवाल्याने सांगावं. माझा पुतण्या बावीसचा आहे. अडचणीत कुणाला फोन करायचा, गाडी बाजूला कशी घ्यायची, जखमीला आधी काय करायचं, यातलं एक अक्षर त्याला शिकवलेलं नाही.

आता सरळच बोलतो. अहो स्कूलवाले, तुम्ही पैसे शिकवायचे घेता आणि विकता कागद. त्या कागदावर पोरगं उद्या पंचवीस टन घेऊन लोकांच्या मुलाबाळांमधून जाणार आहे, हे सही करताना डोक्यात येत नाही का? पोराला एकदा तरी भरलेल्या गाडीने घाट चढवा-उतरवा, रात्री चालवायला द्या, दाराला मागे लावायला शिकवा. डिझेल महाग असेल तर फी तशी सांगा, मी भरीन, पण पावती पूर्ण रकमेची द्या. आणि मालकलोक, तुम्हीही साळसूदपणा पुरे करा. क्लीनरची जागा परत काढा, पगार द्या, नव्या पोराला जुन्या ड्रायव्हरच्या शेजारी सहा महिने बसवा. तेवढाही खर्च करायचा नसेल तर ड्रायव्हर मिळत नाहीत, हे रडगाणं माझ्यासमोर तरी गाऊ नका. आणि स्कूलवाल्यांनो, जमत नसेल तर पाटीवरचा 'हेवी' हा शब्द पुसा आणि उरलेली फी परत करा. मी सोमवारी येतोय.