'भातुकली' या शब्दाबद्दल

नमस्कार,

'1900 हाऊस' आणि तशाच इतर मालिकांवरच्या माझ्या लेखाखाली आपण दिलेली प्रतिक्रिया वाचली. त्याच दिवशी उत्तर लिहिलं असतं तर शब्द आवरले नसते. आज चार दिवसांनी लिहितेय, तरी सगळे आवरतील असं नाही.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. आजचं एखादं कुटुंब जुन्या काळच्या घरात नेऊन ठेवायचं, त्यांनी तेव्हाच्याच साधनांनी संसार करायचा आणि तो टीव्हीवर दाखवायचा, अशा मालिकांबद्दल मी लिहिलं होतं. घरकामाला एकेकाळी किती वेळ आणि किती अंगमेहनत लागायची, आणि ती कोणाच्या अंगावर पडायची, हे मला त्यांतून नीट उमगलं, असं माझं म्हणणं होतं. त्यावर आपण लिहिलंत: "ताई, जरा भानावर या. ही कॅमेऱ्यासमोरची भातुकली आहे. तीन महिन्यांनी घरी जायचंय हे माहीत असणाऱ्यांना भूतकाळ कळत नसतो. मूल आजारी पडलं तर त्यांच्याकडे आजचा डॉक्टर येतो. शाम्पूसुद्धा त्यांना सोडवला नाही. आणि तुम्ही सोफ्यावर बसून दुसऱ्यांच्या कष्टांचे उमाळे काढताय. शिवाय '1900 हाऊस' बीबीसीचा नाही, चॅनल फोरचा."

शेवटचं आधी. बरोबर आहे, चूक माझी. '1900 हाऊस' 1999 साली चॅनल फोर या ब्रिटिश वाहिनीवर आला. बीबीसीची ती 2015 मधली 'बॅक इन टाइम फॉर डिनर'. लिहिताना माझी गल्लत झाली. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे, आणि ती दाखवून दिल्याबद्दल मनापासून आभार.

आता 'ताई'. मला वयानं लहान-मोठे कितीतरी वाचक ताई म्हणतात, मला ते आवडतं. पण ताई म्हणून हाक मारायची आणि त्याच दमात 'भानावर या' म्हणायचं, याला काय म्हणावं? घरातल्या थोरल्या बहिणीशी कोणी असं बोलत नाही. मुद्दा पटला नाही तर पटला नाही म्हणा, मी वाद घालायला तयार आहे. माझं भान काढण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?

आणि ती 'भातुकली'. तुमच्या प्रतिक्रियेतलं हे एकच वाक्य मला चार दिवस टोचत राहिलं. पुरुषांना जुन्या काळच्या पलटणीचे कपडे चढवून चिखलातून चालवलं की त्याला इतिहासाचा थरारक अनुभव म्हणतात. बाईनं जुन्या काळची चूल पेटवली की ती लगेच भातुकली होते. शब्द तुम्ही सहज वापरला असेल, तेच मला जास्त लागलं. घरकाम म्हणजे खेळ, ही समजूत इतकी मुरलेली आहे की ती लिहिताना आपण थबकतसुद्धा नाही.

ही भातुकली काय होती ते सांगते. लंडनमधल्या चार्ल्टन भागातल्या त्या घरात बाउलर कुटुंब राहायला गेलं: नवरा, बायको, चार मुलं. कोळशाची चूल, गॅसचे दिवे, संडास घराबाहेर. त्या काळी तिकडे सोमवार हा धुण्याचा वार. आदल्या रात्री कपडे भिजत घालायचे. पहाटे मोरीत विटांच्या बांधकामात बसवलेल्या तांब्याच्या हंड्याखाली जाळ करून पाणी उकळायचं. मग लाकडी पिंपात कपडे टाकून ते डॉलीनं घुसळायचे. डॉली म्हणजे लांब दांडा आणि त्याच्या तळाशी तिवईसारखे पाय. भिजलेल्या कपड्यांच्या ढिगात ती फिरवायची म्हणजे खांदे भरून येतात. नंतर खळबळायचं, पांढऱ्यांना नीळ, कॉलरींना खळ, आणि प्रत्येक कपडा मँगलच्या दोन रुळांमधून पिळून काढायचा. पाऊस लागला तर घरभर दोऱ्या. इस्त्री म्हणजे चुलीवर तापवलेले लोखंडी ठोकळे: एक हातात, दुसरा तापत. एवढं करून संपलं म्हणेपर्यंत पुढचा सोमवार दारात. आणि स्वयंपाक, चुलीची राख, काळ्या पॉलिशनं ती चूल घासणं, हे रोजचं वेगळंच.

याला भातुकली म्हणायचं असेल तर म्हणा.

'सोफ्यावर बसून उमाळे' याचं उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. पण देते, कारण माझ्याबद्दल काहीही माहीत नसताना तुम्ही ते लिहिलंत.

मी चौदा वर्षांची असताना आईचा उजवा हात मोडला. घरात आम्ही सहा माणसं, कपडे धुण्याचं मशीन नव्हतं. हात सांधायला वेळ लागला आणि जवळजवळ पाच महिने सगळं धुणं माझ्याकडे आलं. साधे कपडे जमायचे. चादरी जमायच्या नाहीत. पाणी प्यालेली चादर उचलताच यायची नाही मला. मग धाकट्या बहिणीला दुसरं टोक धरायला लावायची. मी एकीकडे पीळ द्यायचा, तिनं उलटीकडे. ती नऊ वर्षांची होती. पीळ घट्ट झाला की ती पायांसकट माझ्या दिशेनं ओढली जायची, चादर जमिनीला टेकायची, आणि ती पुन्हा खळबळायला लागायची. सोड्यानं बोटांच्या पेरांवर भेगा पडल्या होत्या. परीक्षेत पेन धरलं की उजव्या तर्जनीवरची भेग उघडायची. मी कंपासपेटीत मलमाची डबी ठेवायचे.

मग आईचं प्लास्टर निघालं, हातात ताकद आली, आणि एका सकाळी धुणं परत तिच्याकडे गेलं. त्याबद्दल घरात कोणी काही बोललं नाही. मीही नाही. मी अभ्यासाला बसले.

वीसेक वर्षांनी '1900 हाऊस'मध्ये जॉइस बाउलर यांना कपड्यांच्या ढिगाशी झुंजताना पाहिलं आणि ती सकाळ डोळ्यांसमोर उभी राहिली. मी पाच महिने केलं ते आई त्याआधी पंधरा वर्षं करत होती, आणि मला पाच महिने करूनही तिला विचारावंसं वाटलं नव्हतं. सोफ्यावर बसले होते हे खरं. रडले हेही खरं. ते दुसऱ्यांच्या कष्टांचे उमाळे नव्हते, साहेब.

यातच तुमच्या 'तीन महिन्यांनी घरी जायचंय' या मुद्द्याचंही उत्तर आहे. आईचं प्लास्टर निघणार हे मलाही पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हणून माझ्या भेगा खोट्या होत्या का? म्हणून मला काहीच कळलं नाही का? 1900 सालची बाई होणं या कुटुंबांना जमत नाही, ते कोणालाच जमणार नाही. पण त्या बाईचा एक सोमवार किती लांब होता हे त्यांच्या अंगाला कळतं, आणि पुस्तकातल्या ओळीतून ते तसं कळत नाही. ज्याला बाहेर पडायचं तो पडतोच. 2002 साली दाखवलेल्या 'एडवर्डियन कंट्री हाऊस' या तशाच मालिकेचं चित्रण स्कॉटलंडमधल्या मँडरस्टन वाड्यात झालं, तेव्हा खरकटी भांडी घासायला ठेवलेल्या मुलीनं सुरुवातीच्या काही दिवसांतच काढता पाय घेतला. भातुकली सोडून कोणी असं पळत नाही.

शाम्पूचं म्हणाल तर तो प्रसंग तुम्ही त्यांना खोटं ठरवायला वापरलात, मला तो मालिकेतला सगळ्यात खरा वाटतो. घरातल्या बायकांनी नियम मोडून दुकानातून शाम्पू आणला, आणि निर्मात्यांनी तो भाग कापून न टाकता दाखवला. चूल सहन झाली, गारठा सहन झाला, पण स्वतःचे चिकट केस सहन झाले नाहीत. आपल्याला काय सोडवत नाही हे त्यांना आधी माहीत नव्हतं. मलाही असं सांगता आलं नसतं. याच बाउलर बाईंनी पुढे कामाला मोलकरीण ठेवली आणि तिला राबवून घेताना त्या अस्वस्थ झाल्या, हेही तुम्ही पाहिलं असेल. की मालिका पूर्ण पाहिलीच नाहीत? तुमच्या प्रतिक्रियेवरून मला तशी शंका येते.

डॉक्टरचा मुद्दा. 1900 च्या सुमारास इंग्लंडमध्ये जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी साधारण 150 पहिला वाढदिवस पाहत नसत. ती भीती टीव्हीवर आणता येत नाही, आणि कोणी आणूही नये. यावर आणखी काय बोलणार?

एक गोष्ट मात्र तुमच्यासाठी मुद्दाम लिहिते, कारण घाईत तिच्याकडे दुर्लक्ष झालं असेल. 'बॅक इन टाइम फॉर डिनर'मध्ये रॉबशॉ कुटुंबानं दर दिवशी एक वर्ष या हिशेबानं 1950 पासून पुढचा काळ जगून पाहिला. त्यांच्या ताटात काय असावं हे ब्रिटनमध्ये 1940 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय अन्न सर्वेक्षणाच्या नोंदींवरून ठरवलं होतं. खऱ्या घरांनी काय विकत घेतलं आणि काय खाल्लं याच्या त्या नोंदी. तिकडचं रेशनिंग महायुद्धानंतरही चालू राहिलं आणि 4 जुलै 1954 ला पूर्णपणे उठलं, हे मी शाळेत शिकले नव्हते. त्या पहिल्या भागात रॉबशॉ बाई एकट्या स्वयंपाकघरात, आणि बाकीचे बाहेर ताटाची वाट बघत बसलेले. मधलं दार बंद. दशकं पुढे सरकतात तशी घराची मांडणी बदलत जाते आणि घरातली बाकीची माणसं हळूहळू स्वयंपाकघरात येऊ लागतात. मला बघायचं होतं ते हे. यात रडारड नाही, थरार नाही, एक दार आहे.

पुढचा लेख मँडरस्टनमधल्या त्याच भांडी घासणाऱ्या मुलीच्या कामावर आहे: मोरीतली भांडी, वाळू, सोडा आणि सगळ्यांच्या आधी उठणं. तोही वाचा, खोडून काढा, चुका दाखवा. मी दुरुस्त करीन. ताई म्हणायचंच असेल तर जरूर म्हणा, फक्त पुढचं वाक्य त्या शब्दाला शोभेल असं लिहा.