कोविशील्डवर युरोपने ‘बंदी’ घातली होती म्हणे!

एक मेसेज काही केल्या मरत नाही. कधी सोसायटीच्या ग्रुपवर, कधी शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर, थोडा मीठमसाला बदलून तो परत येतोच. मजकूर साधारण असा: ‘२०२१ साली युरोपियन युनियनने कोविशील्डवर बंदी घातली, कारण पुण्याची लस निकृष्ट आहे हे त्यांना आधीच ठाऊक होतं. ती घेतलेल्या भारतीयांना युरोपची दारं बंद झाली. मग भारताने डोळे वटारले आणि चोवीस तासांत युरोप नमला. शेवटी २०२४ मध्ये युरोपने ही लस कायमची बाद केलीच. आपल्याला मात्र कुणी सांगितलं नाही. जास्तीत जास्त लोकांना पाठवा.’

लस वाईट होती हेही यातच आणि ती नाकारली म्हणून आपण युरोपला वाकवलं हेही यातच! ज्याला जे आवडेल ते त्याने उचलावं, अशी सोय आहे. पण यातलं प्रत्येक वाक्य त्या वेळच्या एखाद्या खऱ्या बातमीच्या आसपास फिरतं, म्हणूनच ते खपतं. तेव्हा एकेक घेऊ.

‘युरोपियन युनियनने बंदी घातली’

१ जुलै २०२१ पासून युरोपियन युनियनचं डिजिटल कोविड सर्टिफिकेट लागू झालं. आपल्याकडच्या बातम्यांत त्याला सरसकट ‘ग्रीन पास’ म्हणत. लस घेतली आहे, किंवा चाचणी निगेटिव्ह आहे, किंवा कोविड होऊन गेला आहे, या तिन्हींपैकी काहीही एक त्यात नोंदवता येत होतं. म्हणजे लस न घेतलेल्या माणसालाही हे सर्टिफिकेट मिळत होतं. ते युनियनमधल्या रहिवाशांना एका सदस्य देशातून दुसऱ्यात जाणं सोपं व्हावं म्हणून काढलं होतं. मुंबई-फ्रँकफर्ट विमानात कुणाला बसवायचं, हे ठरवण्यासाठी नव्हे.

लसींबाबत त्या नियमात दोन पायऱ्या होत्या. युरोपियन मेडिसिन्स एजन्सीने, म्हणजे युनियनच्या औषध नियामकाने, मान्यता दिलेल्या लसी प्रत्येक सदस्य देशाला स्वीकाराव्याच लागत. तेव्हा अशा चार होत्या: फायझर, मॉडर्ना, अ‍ॅस्ट्राझेनेकाची व्हॅक्सझेव्हरिया आणि जॉन्सन अँड जॉन्सनची यान्सन. दुसरी पायरी ऐच्छिक होती. एखाद्या देशाने स्वतः मान्य केलेली किंवा जागतिक आरोग्य संघटनेच्या आपत्कालीन यादीतली लस ज्याला हवी त्या देशाने स्वीकारावी. ऑक्सफर्ड-अ‍ॅस्ट्राझेनेकाच्याच सूत्रावर पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली कोविशील्ड या आपत्कालीन यादीत १५ फेब्रुवारी २०२१ पासून होती. तेव्हा ती सक्तीच्या यादीत नव्हती, ऐच्छिक यादीत होती. बंदी हा शब्द त्या नियमात कोविशील्डच्या वाट्याला कुठेच आलेला नाही.

‘कारण लस निकृष्ट होती’

हा मेसेजमधला सगळ्यात विषारी भाग, म्हणून इथे जरा थांबू.

युरोपात लसीची मान्यता नुसत्या सूत्राला मिळत नाही. ती लस कुठल्या कारखान्यात, कुठल्या पद्धतीने बनते, तिथली तपासणी झाली आहे का, हे सगळं त्या मान्यतेत धरलेलं असतं. गोळ्या बनवणं वेगळं आणि जिवंत पेशींत वाढवून लस बनवणं वेगळं. तिथे उत्पादनाच्या पद्धतीतला बारीक फरकही मोजला जातो. त्यामुळे ‘तीच ऑक्सफर्डची लस, मग हरकत काय?’ हा आपला प्रश्न रास्त असला तरी नियामकाला पुरत नाही.

आणि हे फक्त पुण्यासाठी होतं असंही नाही. नेदरलँड्समध्ये लायडन इथे हॅलिक्सचा कारखाना अ‍ॅस्ट्राझेनेकाचीच लस बनवत होता. कारखाना युरोपियन युनियनच्या हद्दीत, युरोपात लशींची टंचाई, राजकारणी एकमेकांवर खेकसताहेत. तरी त्या जागेला एजन्सीची मंजुरी मिळाली ती २६ मार्च २०२१ ला, लसीच्या मान्यतेनंतर जवळजवळ दोन महिन्यांनी. डच मातीतल्या कारखान्यालाही स्वतंत्र मंजुरी लागत होती, तर पुण्याजवळ मांजरी इथल्या सीरमच्या कारखान्याला ती आपोआप कशी मिळेल?

सीरमच्या बाबतीत अर्ज झाला होता की नाही, यावरही तेव्हा मतभेद होते. सीरमचे प्रमुख अदर पूनावाला यांनी २८ जूनला ट्विट करून प्रवाशांच्या अडचणीची दखल घेतली आणि पुढे सांगितलं की अ‍ॅस्ट्राझेनेकामार्फत अर्ज केलेला आहे. एजन्सी म्हणत होती, आमच्याकडे कोविशील्डचा अर्जच आलेला नाही. म्हणजे लस तपासून नापास केली असं घडलेलंच नाही. निकाल लागायला आधी परीक्षेला बसावं लागतं.

लस भारतीय माणसाच्या दंडात गेली म्हणून अडली, हेही खरं नाही. ब्रिटनने मार्च २०२१ मध्ये सीरमकडून सुमारे ५० लाख डोस नेले आणि आपल्या नागरिकांना दिले. त्या डोसांचे बॅच क्रमांक ४१२०झेड००१, ००२ आणि ००३. जुलैत मँचेस्टरहून माल्टाला निघालेल्या एका ब्रिटिश जोडप्याला विमानात चढू दिलं नाही. त्यांच्या सर्टिफिकेटवर यातलाच एक क्रमांक होता. पासपोर्ट ब्रिटिश, लस ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेने टोचलेली, सर्टिफिकेटवर कोविशील्ड हे नावसुद्धा नाही, तरी तीन आकड्यांच्या शेपटीवरून ती पुण्याची असल्याचं कळलं आणि माल्टाच्या तेव्हाच्या नियमात ती बसेना. बोभाटा झाल्यावर काही दिवसांत माल्टाने नियम बदलला.

हंगेरीचं उदाहरण तर युनियनच्या आतलंच आहे. त्या देशाने रशियाची स्पुटनिक आणि चीनची सायनोफार्म आपल्या लोकांना दिली होती. हे लोक युरोपियन युनियनचे नागरिक, पण त्यांची लस मान्य करायची सक्ती शेजारच्या ऑस्ट्रियावरही नव्हती.

‘भारतीयांना दारं बंद झाली’

दारं बऱ्याच अंशी बंद होती. पण ती कोविशील्डमुळे बंद झाली नव्हती आणि १ जुलैला तर नाहीच नाही.

युनियनने १७ मार्च २०२० लाच बाहेरच्या देशांतून येणाऱ्या अनावश्यक प्रवासावर बंधन आणलं. तेव्हा कुठलीच लस नव्हती. जून २०२० च्या अखेरीस त्यांनी काही देशांची यादी काढली. ऑस्ट्रेलिया, जपान, रवांडा, उरुग्वे वगैरे. या देशांतून आलात तर चालेल, असा तिचा अर्थ. भारत त्या यादीत कधीच नव्हता. एप्रिल २०२१ मध्ये आपल्याकडे दुसरी लाट भडकली आणि उरलीसुरली फटही बुजली. ब्रिटनने २३ एप्रिलपासून भारताला लाल यादीत टाकलं. जर्मनीने २६ एप्रिलपासून आपल्याला ‘विषाणूच्या नव्या प्रकाराचा प्रदेश’ ठरवलं. नेदरलँड्सने विमानं थांबवली, इटलीने भारतातून येणाऱ्यांना मनाई केली. हे सगळं ग्रीन पास लागू होण्याच्या दोन महिने आधीचं.

जर्मनीचं उदाहरण जरा उलगडून बघण्यासारखं आहे. १ जुलैच्या सुमारास बातमी आली की जर्मनी कोविशील्ड मानते. आपल्याकडे आनंदीआनंद. पण त्या दिवशीही भारत त्या नव्या-प्रकाराच्या यादीतच होता. तिथून सहसा फक्त जर्मन नागरिक आणि तिथले रहिवासीच जाऊ शकत आणि त्यांनाही दोन्ही डोस घेतलेले असले तरी १४ दिवस विलगीकरण होतं. लस मान्य, प्रवास अमान्य! ७ जुलैला भारताला त्या यादीतून काढून एक पायरी खाली आणलं, तेव्हा कुठे लसीच्या त्या मान्यतेला अर्थ आला. आणि त्याच यादीत आपल्या शेजारी कोण होतं? पोर्तुगाल. युनियनचा सदस्य, जूनच्या अखेरपर्यंत युनियनच्या परिषदेचा अध्यक्ष. २९ जूनपासून तोही त्याच रकान्यात आणि ७ जुलैला आपल्याबरोबरच सुटला. फायझरचे दोन्ही डोस घेतलेला, सुट्टीवरून परतणारा जर्मन माणूसही लिस्बनहून आला तर दोन आठवडे घरात बसणार होता.

अमेरिकेचंही तसंच. जूनमध्ये युनियनने तिला सोप्या यादीत घेतलं आणि ३० ऑगस्टला रुग्ण वाढले म्हणून काढून टाकलं. अमेरिकेच्या लसींबद्दल तर कुणाचीच तक्रार नव्हती.

तेव्हा त्या वर्षी युरोपला जाणाऱ्या माणसाला तीन वेगळ्या गोष्टी बघाव्या लागत होत्या. तुम्ही येताय तो देश कुठल्या यादीत आहे, तुमची लस त्या विशिष्ट देशाला चालते का आणि तुमचा कागद त्यांना वाचता येतो का. मेसेज या तिन्हींची भेळ करतो. त्यातल्या पहिल्या गोष्टीचा जोर सगळ्यात जास्त होता आणि तिचा लसीच्या नावाशी फारसा संबंध नव्हता. गोव्यात पोर्तुगीज पासपोर्ट असलेली कितीतरी घरं आहेत. तो पासपोर्ट असलेल्याला युरोपियन नागरिक म्हणून युनियनच्या २०२० च्या या प्रवेशबंदीतून मुळातच सूट होती, मग लस मडगावात घेतलेली का असेना.

विद्यार्थ्यांची धांदल मात्र खरीखुरी होती. १३ मे २०२१ ला कोविशील्डच्या दोन डोसांतलं अंतर १२ ते १६ आठवड्यांवर गेलं आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जर्मनी, आयर्लंड गाठायचं असलेल्या मुलांच्या पोटात गोळा आला. ७ जूनला केंद्राने शिक्षण, नोकरी आणि टोकियो ऑलिंपिकसाठी जाणाऱ्यांना २८ दिवसांनी दुसरा डोस घ्यायची सवलत दिली आणि सर्टिफिकेटला पासपोर्टचा क्रमांक जोडायची सोय झाली. तिथेही गोम होती. कोविनच्या सर्टिफिकेटवर पूर्ण जन्मतारीख नसायची. सप्टेंबरच्या अखेरीस परदेशी जाणाऱ्यांसाठी ती घालायची सोय करावी लागली.

‘भारताने डोळे वटारले, चोवीस तासांत युरोप नमला’

जूनच्या शेवटी भारताने प्रत्येक सदस्य देशाला वेगवेगळं सांगितलं की कोविशील्ड आणि कोव्हॅक्सिन स्वीकारा, मग आम्हीही तुमच्या सर्टिफिकेटधारकांना इथल्या सक्तीच्या विलगीकरणातून सूट देऊ. हे रोखठोक होतं आणि त्याचा उपयोगही झाला असणार. १ जुलैला ऑस्ट्रिया, जर्मनी, स्लोव्हेनिया, ग्रीस, आयर्लंड, स्पेन, आइसलँड आणि स्वित्झर्लंड यांची नावं आली. त्यातले शेवटचे दोन युनियनचे सदस्यही नाहीत. फ्रान्सने जुलैच्या मध्यात कोविशील्ड स्वीकारली. इटलीला सप्टेंबर उजाडला. एवढा उशीर झाला, कारण ‘युरोप’ नावाचा कुणी एक अधिकारी नव्हताच, ज्याच्यावर डोळे वटारता आले असते. सार्वजनिक आरोग्य हा तिथे प्रत्येक देशाचा स्वतःचा कारभार आहे. युनियनची सक्तीची यादी मात्र जशी होती तशीच राहिली. कोविशील्ड तिच्यात कधी आलीच नाही.

डोळे वटारण्याची खरी गोष्ट ब्रिटनबाबत घडली आणि ब्रिटन तोवर युनियनमधून बाहेर पडलेला होता. सप्टेंबरमध्ये ब्रिटनने नवे नियम काढले, त्यात कोविशील्डचं नाव नव्हतं. ओरड झाल्यावर नाव घातलं, पण भारताला मान्य देशांत धरलं नाही. आता हरकत सर्टिफिकेटवर होती. भारताने ४ ऑक्टोबरपासून ब्रिटिश नागरिकांना १० दिवसांचं विलगीकरण लावलं. ११ ऑक्टोबरपासून ब्रिटनने आपला नियम मागे घेतला, दोन दिवसांनी आपणही घेतला. तिथेसुद्धा चोवीस तासांत काही झालं नाही.

मेसेज लिहिणाऱ्याला खरी तक्रार करायची असती तर तीही उपलब्ध होती. गरीब देशांना लस पुरवणाऱ्या कोव्हॅक्स योजनेला युरोपियन युनियनने पैसे दिले होते आणि त्याच योजनेतून आफ्रिकेत पुण्याची कोविशील्ड गेली होती. ज्या लसीचा खर्च उचलला, तीच आपल्या सक्तीच्या यादीत नाही! आफ्रिकन युनियनने २८ जूनला यावर जाहीर आक्षेप घेतला. १ जुलैला कोव्हॅक्स चालवणाऱ्या संस्थांनीही म्हटलं की आपत्कालीन यादीतली प्रत्येक लस सर्व देशांनी मानावी. ब्रुसेल्सकडे, म्हणजे युनियनकडे, याला पटेल असं उत्तर नव्हतं, असं माझं मत आहे. पण आफ्रिकेची बाजू मांडून आपल्या ग्रुपवर टाळ्या मिळत नसाव्यात.

‘२०२४ मध्ये कायमची बाद केली’

मे २०२४ मध्ये अ‍ॅस्ट्राझेनेकाच्या लसीची युरोपातली मान्यता संपली हे खरं. मार्चमध्ये कंपनीने स्वतःच मान्यता परत करण्याचा अर्ज केला होता. कारण, विषाणूच्या नव्या प्रकारांसाठीच्या सुधारित लसी भरपूर होत्या आणि या लसीला मागणी उरली नव्हती. रक्ताच्या गाठींचा अत्यंत दुर्मीळ दुष्परिणाम कुणी दडवला होता असंही नाही. ७ एप्रिल २०२१ लाच युरोपियन एजन्सीने त्याची जाहीर नोंद केली होती आणि त्यानंतर अनेक युरोपीय देशांनी तरुणांना ही लस देणं थांबवलं होतं.

शिवाय परत केली गेली ती मान्यता व्हॅक्सझेव्हरियाची, म्हणजे २०२१ मध्ये जिला सगळे देश बिनतक्रार मानत होते तिची. कोविशील्डला युरोपात ती मान्यता कधी नव्हतीच, मग ती बाद कुठून होणार? आणि सीरमने तर कोविशील्डचं उत्पादन डिसेंबर २०२१ पासूनच थांबवलं होतं.