गवत झोपलंय, पाय ठेवू नका

आज डोकं फिरलंय, आधीच सांगते. गोल्फ म्हणजे श्रीमंतांचे चोचले असं ज्यांना वाटतं त्यांनी खुशाल पुढे स्क्रोल करावं. तो वाद मी एडिंबरात आल्यापासून घालतेय, आज अंगात त्राण नाही.

साडेनऊचा टी टाइम होता, म्हणजे खेळ सुरू करायची ठरलेली वेळ. जानेवारीत इथे साडेआठ वाजून गेले तरी सूर्याचा पत्ता नसतो. पोचले तर दारात पाटी: फ्रॉस्ट (म्हणजे गवतावरचं दव गोठलंय), कोर्स बंद, सूचना मिळेपर्यंत थांबा. ठीक आहे. थर्मासातला चहा ओतला, हात गरम ठेवायच्या पुड्या हातमोज्यांत कोंबल्या आणि थांबले. आम्ही आठ-दहा जण होतो, सगळेच थांबलेले. एवढ्यात पंचविशीतली तीन पोरं आली. त्यातला एक दोरी ओलांडून क्लबहाऊससमोरच्या सरावाच्या ग्रीनवरून (ग्रीन म्हणजे चेंडू घालायच्या भोकाभोवतीचं अगदी बारीक कापलेलं गवत) ट्रॉली ओढत निघाला. पांढऱ्याफेक गवतावरून. अगदी मधून! कोर्सचं गवत सांभाळणारा ग्रीनकीपर धावत आला, तर हा त्यालाच म्हणतो, "पैसे भरलेत आम्ही."

पैसे भरलेत. लग्नाच्या हॉलमध्ये, हॉटेलात, रेल्वेच्या डब्यात ऐकलेलं वाक्य, इथेही पाठ सोडत नाही. अरे, पैसे खेळायचे भरलेस, गवत मारायचे नाही.

मी त्याला बोलले. जरा जास्तच बोलले. "यू नो व्हॉट" करून सुरुवात केली आणि मध्येच मराठीत घसरले. बाकीचे स्कॉटिश लोक बुटांकडे बघत उभे. यांना भांडण झेपत नाही.

आता माझं पाप सांगते, कारण त्याशिवाय हा राग कुणाला कळायचा नाही.

माझा इथला पहिला हिवाळा. काउन्सिलच्या, म्हणजे इथल्या पालिकेच्या कोर्सवर नुकतीच शिकायला लागले होते. अशीच सकाळ, अख्खं ग्रीन पिठीसाखर भुरभुरल्यासारखं, मध्ये लाल झेंडा. घरच्या ग्रुपवर फोटो टाकायचा म्हणून मी चालत झेंड्यापाशी गेले. अकरा पावलं जाताना, अकरा येताना. ग्रीनकीपरने लांबून पाहिलं. ओरडला नाही, हातसुद्धा वर केला नाही. मला वाटलं, चालतं वाटतं.

चार दिवसांनी गेले तर त्याने बोटाने बोलावलं. ग्रीनवर बावीस काळे ठसे. टाच, चवडा, सगळं स्पष्ट, लक्ष्मीची पावलं काढावीत तसं. त्याने आधी ठशांकडे पाहिलं, मग माझ्या बुटांकडे. चार नंबर. तिथे तेवढ्या मापाचं दुसरं कोणी नव्हतंच.

होतं काय, तर पात्याच्या आतलं पाणी गोठलेलं असतं. पातं काचेसारखं कडक झालेलं, त्यावर माणसाचं वजन पडलं की आतल्या पेशी फुटतात. त्या वेळी काहीच दिसत नाही, तीच तर गोम आहे. ऊन लागलं की ठसा काळा पडतो, मग वाळक्या पेंढ्यासारखा पिवळा. हिवाळ्यात इथे गवत जवळजवळ वाढतच नाही, म्हणजे ती जखम भरून यायला वसंत उजाडावा लागतो. त्याहून वाईट वेळ म्हणजे वरचं वितळलंय आणि खालची माती अजून गोठलेली. तेव्हा बूट सरकला की मुळंच तुटतात. आणि आपल्याला वाटतं, चला, हिरवं दिसतंय, निघूया.

हे सगळं मला त्या माणसाने पाच मिनिटांत समजावलं. न रागावता. त्याचीच जास्त लाज वाटली.

(मध्ये उठून भाकरी टाकून आले. जरा शांत झालेय.)

खरं तर हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. आम्ही निफाडचे. थंडीत पारा घसरला की अख्खं गाव रात्रभर जागं. द्राक्षाच्या मण्यात गोडी भरायला आणि कडाक्याची थंडी पडायला एकच गाठ पडते, मण्यांना तडे गेले की वर्ष गेलं. अण्णा पहाटे तीनला बागेत शेकोट्या पेटवायचे. धूर ओळींमध्ये खाली खाली रेंगाळायचा, विहिरीचं कोमट पाणी ठिबकने सोडलेलं असायचं, आणि आम्हा पोरांना बागेत पाऊल टाकायला बंदी. आई तर दिवेलागणीनंतर तुळशीलाही हात लावू द्यायची नाही. झाड झोपलंय म्हणायची. अशा घरातली मुलगी मी, आणि फोटोसाठी चार नंबरचे बूट घालून झोपलेल्या गवतावर नाचले.

बरं, मान्य. चार वाजता अंधारून येतं, अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलेल्या माणसाचे दोन तास असे गेले की अठरा होल, म्हणजे पूर्ण फेरी, होत नाही. आणि सकाळी सातला एक मेसेज टाकायला कुणाचे हात मोडले होते, हेही विचारायला हवं. झालं? केलं मान्य.

पण थंडीतलं गोल्फ हे असंच असतं हो! जुलैत सात नंबरच्या आयर्नने (लोखंडी टोकाची काठी) शंभर यार्ड जाणारा माझा चेंडू आता नव्वदीतच धापा टाकतो. थंड हवा जड, चेंडूही टणक झालेला, आणि तो मुद्दाम तापवून खेळायला नियमांत बंदी. चार-चार थर चढवून खांदा फिरत नाही ते वेगळंच. कधी खरं ग्रीन बंद ठेवून त्याच्या अलीकडच्या बाजूला एक तात्पुरतं ग्रीन कापतात, त्यावर चेंडू शहाबादी फरशीवर आपटल्यासारखा टणाटण उडतो. सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर हिवाळ्यात लोक फेअरवेवर (ग्रीनकडे जाणारा कापलेल्या गवताचा पट्टा) छोटी चटई अंथरून तीवरून फटका मारतात. गोल्फची पंढरी, आणि तिथेही गवत आधी, तुम्ही नंतर. रविवारी तर तो कोर्स बंदच असतो, गावकरी कुत्री घेऊन फिरतात. १४५७ साली, धनुर्विद्येकडे दुर्लक्ष होतं म्हणून, स्कॉटलंडच्या राजाच्या संसदेने या खेळावर बंदी घातली होती. ती कुणी जुमानली नाही. राजाला न जुमानणारे हे लोक ग्रीनकीपरच्या दोरीपुढे मात्र तास तास मुकाट उभे राहतात. मला तरी त्यात फार मोठं काहीतरी दिसतं. तुम्हाला हसू आलं तर हसा.

त्या बावीस ठशांपैकी शेवटचा मार्चअखेर गेला. तोवर दर आठवड्याला भोकाकडे हळूच ढकललेला माझाच चेंडू माझ्याच टाचेच्या ठशावरून हलकासा वळायचा. अण्णांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "मग? गारठ्यात बागेत कुणाला येऊ देतो का आपण?" आणि विषय बदलून पाऊसपाण्याचं विचारलं.

आज अकराच्या सुमाराला ग्रीनकीपर गुडघ्यावर बसला, खिशातला चाकू मातीत खुपसून बघितला, दोन ग्रीन पुढे जाऊन परत खुपसला, मग दोरी काढली. पोरं तोवर निघून गेली होती. नऊ होल खेळले, वाईट खेळले, नाक गळत होतं. जाताना तो म्हणाला, तू त्याला कोणत्या भाषेत झापत होतीस? सांगितलं. म्हणाला, चांगली वाटते.

गुरुवारी परत जाणार आहे. तोवर सरावाच्या ग्रीनवर ठसे उमटलेले असतील. नऊ नंबर असावेत, आणि दोन्ही बाजूंना ट्रॉलीच्या चाकांच्या रेघा.